पोराला दहा वर्षं लागतात

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. निवड चाचण्यांचे दिवस तोंडावर आहेत, त्यामुळं या पत्राला थांबवून चालणार नाही. मुलगा बारा वर्षांचा, डाव्या पायाचा, शाळेच्या संघात खेळतो. ‘मास्तर म्हणतात पोरात दम आहे. हैदराबादच्या क्लबात घालावं की पुण्याला पाठवावं? पैशाचं मी बघतो, पण पोरगं वाया जाऊ नये.’

पेनगंगेच्या या बाजूला राहणाऱ्या मराठी माणसाला असाच प्रश्न पडणार. कृष्णा एक्स्प्रेसमध्ये बसलं की सिकंदराबाद, नांदेडमार्गे गेलं की पुणे. दोन्हीकडं हिरवी मैदानं आणि परदेशी प्रशिक्षक असल्याचं कानावर आलेलं. पण त्या वडिलांनी आधी एक दुसरंच विचारायला हवं: ज्या क्लबात पोरगं घालणार, तो क्लब पोरगं वीस वर्षांचं होईपर्यंत जागेवर असेल का?

पुण्याचंच बघू. अशोक पिरामल समूहानं 2007 मध्ये पुणे एफसी उभा केला. त्याच्या अकादमीचं नाव देशभर होतं आणि तिच्या पोरांनी राष्ट्रीय युवा लीग जिंकली होती. 2015 मध्ये समूहानं हात काढून घेतला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये उतरला, एकच हंगाम खेळला आणि संपला. डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूलशी हात मिळवून निवासी अकादमी काढली होती. 2017 मध्ये त्यांनी आय-लीग सोडली आणि अकादमीही मिटली. एफसी पुणे सिटी 2014 पासून इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, होता, पुणे एफसीची अकादमी त्यानंच पुढं चालवायला घेतली होती, आणि 2019 मध्ये तोही गेला. चार वर्षांत एकाच शहरातली चार दारं बंद झाली. मुंबईचंही वेगळं नाही. महिंद्रा युनायटेडसारखा मातब्बर संघ 2010 मध्ये बंद झाला, मुंबई एफसी 2017 नंतर दिसला नाही.

पुणे सिटीची आयएसएलमधली जागा हैदराबादला आली. 2019 मध्ये हैदराबाद एफसी स्थापन झाला तेव्हा मला झालेला आनंद जुन्या वाचकांना आठवत असेल. गचीबावलीच्या मैदानावर मी याच सदरात लागोपाठ लिहिलं होतं. मार्च 2022 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून या क्लबानं आयएसएल जिंकली. पुढच्या हंगामात दुसरा आला. मग पगार थकले, खेळाडू निघून गेले, आणि 2023-24 मध्ये 22 सामन्यांत एक विजय मिळवून संघ तळाला राहिला. मालक बदलले, तरी 2025 मध्ये क्लब दिल्लीला गेला आणि आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली म्हणून ओळखला जातो. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली. मालकाला एक जागा हलवणं परवडतं. त्या जागेच्या भरवशावर घर सोडून आलेल्या चौदा वर्षांच्या पोरानं कुठं जायचं?

आपल्या क्लबांना पोरांची पारख नाही, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन पुणे एफसीच्या अकादमीत घडला, पुणे सिटीत असताना स्पेनच्या व्हियारेआलकडं शिकायला गेला आणि पुढं भारताकडून खेळला. मिझोरमचे लालियनझुआला छांगटे आणि जेरी लालरिनझुआला डीएसकेच्या अकादमीतून आले. आज छांगटेला न ओळखणारा फुटबॉलप्रेमी सापडणार नाही. एवढ्याशा अवधीत चाललेल्या अकादमीनं हे दिलं! हैदराबादेत मानोलो मार्केझ यांनी आकाश मिश्रा आणि आशिष राय या दोन कोवळ्या बॅकना बेधडक उतरवलं, गोव्याच्या लिस्टन कुलासोला मोकळं सोडलं. पारख होती, शिकवणंही होतं. या सगळ्याला वेळ मिळाला नाही, आणि माझं सगळं म्हणणं या वेळेवर येऊन थांबतं.

दहा-अकरा वर्षांचं पोरगं वरच्या दर्जाचा खेळाडू व्हायला ढोबळमानानं दहा वर्षं लागतात. बाराच्या आत चेंडूशी ओळख, पंधरापर्यंत दोन्ही पाय आणि नजर, सतरा-अठरापर्यंत अंगात ताकद, आणि मग सगळ्यात नाजूक तीन-चार वर्षं, जेव्हा त्याला मोठ्या माणसांबरोबर खरे सामने हवेत. यातला एक टप्पा निसटला तर पुढच्या टप्प्यावर तो भरून काढता येत नाही. क्लब पाच-सहा वर्षांत गुंडाळला जात असेल, तर तिथल्या कुठल्या तरी वयोगटाचा कुठला तरी टप्पा तुटणारच. ज्याच्या अंगी छांगटेइतकं असामान्य काही आहे त्याला दुसरं दार सापडतं. त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, त्याच्यापेक्षा जरासाच कमी असलेला पोरगा गावी परततो, आणि त्याचं नाव कुठं छापून येत नाही.

पोरांना असा वेळ देणं आपल्याच हैदराबादनं एकदा करून दाखवलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं. सय्यद अब्दुल रहीम पेशानं शाळामास्तर होते. 1950 मध्ये त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ हाती घेतला आणि 1963 मध्ये कर्करोगानं जाईपर्यंत सोडला नाही. या संघानं 1950 ते 1954 सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचा भारतीय संघ चौथा आला, 1951 आणि 1962 मध्ये आशियाई सुवर्ण मिळालं. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या रहीमसाहेबांनी शहरात भरवलेल्या पोरांच्या स्पर्धा. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, चेंडू आला की द्यायचाच. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायानं खेळायचं.

ही दुसरी स्पर्धा आम्ही आदिलाबादच्या इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर पोरांकडून खेळवून बघितली. ज्याचा जो पाय चालतो त्या पोटरीवर लाल रिबीन बांधली. रिबिनीचा पाय चेंडूला लागला की फाउल. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. उजव्या पायाची पोरं चेंडू येताना बघून अंग चोरायची, डावा पाय पुढं टाकताना उजव्या पायावर तोल सांभाळता न आल्यानं बसायची. महिन्याभरात चित्र बदललं. एका हडकुळ्या मिडफिल्डरकडं मी मुद्दाम बघत होतो. आधी उजवीकडून आलेला पास तो उजव्या पायावर घ्यायला अख्खं अंग वळवायचा, पाठ मैदानाकडं व्हायची आणि तेवढ्यात कुणी तरी चेंडू काढून न्यायचा. आता तो तोच पास डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं, कंबर उघडी ठेवून, पुढं बघत घेऊ लागला. एक स्पर्श वाचला आणि समोरचं अर्धं मैदान त्याला दिसू लागलं. रिबीन सोडल्यावरही ती सवय टिकली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी एका शाळामास्तरानं हे ओळखलं होतं, आणि त्याला लागणारं साहित्य म्हणजे एक वारभर रिबीन.

रहीमसाहेबांच्या हाताखाली घडलेले तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचे, घरची परिस्थिती बेताची. सरावाला यायचं तर अंतर मोठं. सायकल भाड्यानं घ्यायला रहीमसाहेब रोज पैसे द्यायचे, असं बलराम पुढं सांगत. विशीच्या उंबरठ्यावर ते मेलबर्नला खेळले, 1960 मध्ये रोमला हंगेरीविरुद्ध गोल केला. फेब्रुवारी 2023 मध्ये ते गेले.

पोलीस संघाची खरी ताकद मात्र एका माणसाच्या हुशारीत नव्हती. पोरगा चांगला निघाला की त्याला खात्यात नोकरी मिळायची, महिन्याला पगार घरी जायचा, आणि संघ उद्या दुसऱ्या शहरात जाईल ही भीती नव्हती. एकच प्रशिक्षक तेरा वर्षं, एकच मैदान, तीच गल्ली. त्यामुळं तेरा वर्षांच्या पोराकडं बघताना रहीमसाहेबांना तो तेवीसचा झालेला दिसत असणार. आजच्या प्रशिक्षकाचा करार एक-दोन हंगामांचा असतो. चार सामने हरला की त्याचं सामान बांधलं जातं. त्यानं अठरा वर्षांच्या पोराला का उतरवावं? तो तयार झालेला तीस वर्षांचा परदेशी मागणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता.

सगळ्यात मोठी गळती इथंच होते. 2021-22 पासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात. पण हे चार कुठं खेळतात ते बघा: बहुतेकदा सेंटर-बॅक, मधला प्लेमेकर आणि स्ट्रायकर. भारतीय पोरांना मिळतात कडेच्या जागा. जून 2024 मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, भारतासाठी परत यावं लागलं. छेत्रीला माझा दंडवत. पण त्याच्यामागं नऊ नंबरचा एकही पोरगा तयार होऊ नये, यात इतक्या क्लबांच्या इतक्या वर्षांचा हिशेब आहे.

ही गळती थांबवायला अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2010 मध्ये स्वतःचा संघच काढला होता, पुढं तो इंडियन ॲरोज म्हणून ओळखला गेला. 2013 ला बंद, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकानंतर पुन्हा सुरू, 2022 ला पुन्हा बंद. त्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचा पाया पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी संस्थेत घातला गेला. मग ॲरोज, इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नकडं काही महिने, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. विंगला त्याची धाव मी डोळे भरून बघितलीय. पण इतके संघ, तेवढेच प्रशिक्षक, प्रत्येकाची निराळी पद्धत. अशा फिरतीत खेळाडू टिकून राहतो, वाढायला मात्र सवड मिळत नाही. शेजारच्या निजामाबादची सौम्या गुगुलोथ 2022 मध्ये क्रोएशियात डिनामो झाग्रेबपर्यंत पोचली आणि पुढं ईस्ट बंगालकडून खेळली.

परदेशात अशी गळती होत नाही असं नाही. चेल्सीनं केव्हिन डी ब्रॉयना आणि मोहम्मद सलाह दोघांनाही हातचं घालवलं. पण तिथं एक उदाहरण असं आहे की ते वाचताना मला दर वेळी आपला जिल्हा आठवतो. बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब फक्त बास्क मुलखातलेच, किंवा तिथं घडलेलेच खेळाडू घेतो. तरीही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो एकदाही खाली गेलेला नाही; रिआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर हे कुणालाच जमलेलं नाही. त्या मुलखाची वस्ती तीस लाखांच्या आसपास. आपला जुना अखंड आदिलाबाद जिल्हा 2011 च्या जनगणनेत 27 लाखांचा होता. लेझामा या त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात 1971 पासून पोरं घडताहेत, आणि क्लब सभासदांच्या मालकीचा आहे. अध्यक्ष निवडून येतो, जातो. क्लब विकून दुसऱ्या शहरात नेण्याचा अधिकार कुणाकडंच नाही.

आता बेल्याच्या त्या वडिलांना. आपल्या आदिलाबादेतल्या सरकारी क्रीडा शाळेत प्रवेश चौथीला असतो, ते वय तुमच्या पोराचं उलटलं. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स अकादमी 2015 पासून चालू आहे. राहणं, शाळा, सराव सगळं शिष्यवृत्तीवर. तिची चाचणी जरूर द्या. खाजगी क्लबात गेलात तर मैदान किती हिरवं आहे ते बघू नका. पाच वर्षांपूर्वी इथं आलेली पोरं आज कुठं खेळतात ते विचारा, त्यांतल्या दोघांशी फोनवर बोला. सतरा वर्षांखालच्या संघाला वर्षात किती खरे सामने मिळतात ते विचारा. क्लब बंद पडला तर पोराच्या शाळेचं काय, हे लेखी मागा. उत्तर मिळालं नाही तर पोराला वर्ष-दोन वर्षं घरीच ठेवा, चांगल्या मास्तरांच्या हाताखाली. त्यात काही बिघडत नाही.

आणि एक काम उद्याच करा, तुम्हीही आणि गावातली मंडळं चालवणाऱ्यांनीही. पोराची नोंद महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत आपल्या स्थानिक क्लबाच्या नावावर करून घ्या. फिफाचा नियम आहे: परदेशी क्लबानं पैसे मोजून खेळाडू घेतला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या चार वर्षांचा वाटा दर वर्षी पाव टक्का. एक कोटीचा सौदा झाला, तर ती चारही वर्षं पोरगं सांभाळणाऱ्या मंडळाला एक लाख रुपये मिळतात. जाळी, चेंडू आणि मास्तरांचं वर्षभराचं मानधन त्यातून निघू शकतं. नोंद नसेल तर मागायला कागदच राहत नाही. नोंदणीला लागतो जन्माचा दाखला, ओळखपत्र, फोटो आणि क्लबाची संघटनेशी संलग्नता. यातलं अडतं ते शेवटचंच, म्हणून मंडळाच्या सचिवांना घेऊन आधी जिल्हा संघटनेकडं जा.