मुहूर्त नको, मलिदा हवा!

पाचवी, बारसं, जावळ या क्रमात आपलं बाळ मोठं होतं. पेणकर, किहीमकर, नवगावकर यांच्या घरी काय करतात? गावावरून आडनावं घेतलेले हे आपले मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्रायल. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

सेकंड शिफ्टचं बाळ
मुलाची सुंता आठव्या दिवशी. बाळाची तब्येत ठणठणीत असेल तर पंचांग बघायचं कारणच नाही. मात्र यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. चाकणला सेकंड शिफ्ट चालू असताना, सोमवारी रात्री नऊला जन्मलेलं बाळ मंगळवारचं धरतात!

पाहुण्याची खुर्ची
सुंतेला एक खुर्ची प्रेषित एलियाहूसाठी असते. बेने इस्रायलांची त्याच्यावर भारी श्रद्धा. त्याचा रथ जिथून स्वर्गात गेला म्हणतात, ते ठिकाण आहे अलिबागजवळचं खंडाळे. लोणावळ्याशेजारचं नव्हे!

ताटात काय?
एलियाहूच्या नावाने मलिदा. भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं. बाळाचं आगमन असो की नवसफेड, हे ताट हवंच.

थोरल्याची सोडवणूक
आईचा पहिला मुलगा महिन्याचा झाला की पाच चांदीची नाणी देऊन त्याला ‘सोडवून’ घ्यायचं, अशी यहुदी प्रथा. सिझेरियनने झालेल्या मुलाला मात्र ती लागू नाही.

जावळाचा भाव
मूल नवसाचं असेल, तर सहा-सात वर्षं केसांना कात्री लावायची नाही. मग जावळ काढून सोन्या-चांदीने तोलायचं आणि तेवढा पैसा दान करायचा, अशी जुनी रीत.

मुली आधी मोठ्या
धर्माच्या हिशेबात मुलगी बाराव्या वर्षी जाणती होते, मुलगा तेराव्या. त्या दिवशी मुलगा सर्वांसमोर तोरा, म्हणजे धर्मग्रंथ वाचतो. ओळीवर बोट नाही टेकवायचं. त्यासाठी टोकाला छोटासा हात असलेली चांदीची काडी असते.

बाळंतिणींच्या डॉक्टरीण
मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळणाऱ्या प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड बेने इस्रायलच. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढच्या खेपेला पिंपरीहून लोकलने पुण्याला गेलात, तर कॅम्पातलं १८६७चं ‘लाल देऊळ’ आणि रास्ता पेठेतलं १९२१चं ‘सुकथ शेलोमो’ बाहेरून तरी बघून या. दोन्ही सिनगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळं आहेत, आणि दोन्ही आपल्याच गावची.