गोदेच्या कांठानें सायकलवरून

फ्रान्स देशांत लवार नांवाची एक नदी आहे. त्या देशांतील सर्वांत लांब नदी हीच. लांबी सुमारें एक हजार किलोमीटर. तिच्या कांठानें सायकलस्वारांसाठीं आखलेली एक वाट आहे. ती जवळजवळ ९०० किलोमीटर चालते आणि नान्त या मोठ्या शहरावरून अटलांटिक महासागरापर्यंत जाते. आपली गोदावरी तर १४६५ किलोमीटर लांब. मग छत्रपती संभाजीनगराहून सायकल काढावी आणि गोदेच्या कांठाकांठानें असेंच जावें, हें शक्य आहे काय? मी बिडकीनचा राहणारा. आमचें गांव संभाजीनगर-पैठण रस्त्यावर मध्यंतरीं पडतें. सायकलवरून निघालेले तरुण येथें चहास थांबतात आणि नदी कोणत्या वाटेनें धरावी हें विचारतात. त्यांस मी जें सांगतों, तेंच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नदीकांठची वाट नदी देत नसते. ती माणसानें दुसऱ्याच कांहीं कामासाठीं केलेली असते, आणि सायकल तिच्यावर मागाहून येते. लवार ही वाळवंटांची आणि पुरांची नदी आहे. या बाबतींत ती गोदेची बहीणच म्हणावी. पुरापासून शेतें आणि गांवें राखण्यासाठीं तेथील लोकांनीं शतकानुशतकें तिच्या कडेनें उंच बांध घातले. बांधाच्या माथ्यावरून रस्ते झाले. दुसरें उदाहरण नान्तचेंच. त्या शहराहून ब्रेस्त बंदराकडे जाणारा, साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा एक कालवा आहे. नावेस दोर बांधून घोड्यांनीं ती पाण्यांतून ओढीत न्यावयाची, अशी जुनी रीत होती. त्या घोड्यांसाठीं पाण्याच्या अगदीं लगत एक सपाट वाट राखलेली असे. मालाच्या नावा बंद पडल्या, वाट उरली. आज तिच्यावरून सायकली धांवतात.

गोदावरीच्या नशिबीं यांपैकीं कांहींच आलें नाहीं. आपल्या या भागांत ती चार महिने भरून वाहणारी आणि पुढें वाळूंत शिरणारी नदी. धरण होण्यापूर्वीं तर उन्हाळ्यांत तिच्यांतून पायीं पलीकडे जातां येई. लांब पल्ल्याच्या मालाच्या नावा येथें चालल्या नाहींत, म्हणून नावा ओढण्याची वाटहि कोणीं केली नाहीं. शिवाय कांठ काळ्या मातीचा. ही माती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते, आणि जेथें ओढा नदीस मिळतो तेथें दोन पुरुष खोल घळ पाडून ठेवते. उरलेल्या सपाटीवर शेतकरी कडेपर्यंत नांगर धरतो. त्यास दोष देतां येत नाहीं. परिणाम असा कीं, आपल्याकडचा रस्ता नदीबरोबर चालत नाहीं. तो नदीस आडवा येऊन भेटतो, तो उतारावर, घाटावर, आणि आतां पुलावर. कायगांव, पैठण, शहागड हीं सर्व अशींच नदी ओलांडण्याचीं ठिकाणें. तेव्हां कांठाचा हट्ट सोडून एका घाटाहून दुसऱ्या घाटास जावें, हाच आपल्या सायकलस्वाराचा मार्ग.

असा एक चांगला फेरा आहे. संभाजीनगराहून वाळूजवरून नगरच्या रस्त्यानें कायगांव टोक्यास जावें. पुलाच्या अलीकडे कायगांव, पलीकडे टोकें आणि प्रवरासंगम. प्रवरा येथें गोदेस मिळते. टोक्याचें सिद्धेश्वराचें मंदिर अठराव्या शतकांतील असून त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहण्यासाठीं तासभर मोडला तरी तो वांया जात नाहीं. हा पूल ओलांडणें म्हणजे १९४८ पूर्वीं एका राज्यांतून दुसऱ्यांत जाणें होतें. उत्तर कांठ निजामाचा, दक्षिण कांठ मुंबई इलाख्यांतील नगर जिल्ह्याचा. नाणें निराळें, हाली शिक्का. जकातीचें खातें निराळें, त्यास करोडगिरी म्हणत. आज सायकलस्वारास तेथें फक्त वाऱ्याचा जोर बदललेला जाणवतो.

प्रवरासंगमाहून नेवासें जवळच आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे सन १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं ज्या खांबास टेकून गीतेवरील टीका सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब येथें आहे. पहिला मुक्काम येथेंच करावा. दुसऱ्या दिवशीं शेवगांववरून पैठण गांठावें. तिसऱ्या दिवशीं पैठणच्या पूर्वेस सुमारें १२ किलोमीटरांवर असलेलें आपेगांव पाहावें. ज्ञानेश्वरांचें जन्मस्थान म्हणून तें प्रसिद्ध आहे. तेथून परत पैठणास येऊन बिडकीनवरून घरीं. आपेगांव सोडून हा फेरा पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास भरतो. शरीर सवयीचें असेल तर दोन दिवसहि पुरतात. परंतु घाई करणाऱ्याच्या पदरीं नुसते मैलाचे दगड पडतात.

आतां कोणी विचारील कीं, कायगांवाहून पैठणपर्यंत नदी पूर्वेस सरळ जाते, मग शेवगांवचा वळसा कशाला? याचें उत्तर जायकवाडी. या धरणाची पहिली योजना बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवाजवळ होती. पुढें जागा बदलून पैठणास आली, नांव मात्र जुनेंच राहिलें. १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें पायाभरणी झाली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें धरणाचें उद्घाटन झालें. मातीची भिंत सुमारें १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. मागील जलाशयास नाथसागर म्हणतात. तो भरला म्हणजे सुमारें ५५ किलोमीटर लांब आणि कांहीं ठिकाणीं २७ किलोमीटर रुंद होतो. शंभरांहून अधिक गांवांस त्याची झळ लागली. जुन्या नदीकांठच्या गाडीवाटा त्या पाण्याखालीं गेल्या, आणि जलाशयाची कड तर पाण्याबरोबर दर महिन्यास सरकते. जानेवारींत जेथें गहूं उभा दिसतो, तेथें सप्टेंबरांत लाटा असतात. अशा कडेनें पक्की वाट कोण बांधणार? मात्र हिवाळ्यांत या उथळ कांठांवर रोहित, चक्रवाक, पट्टकादंब असे दूरदेशींचे पक्षी उतरतात, आणि १९८६ पासून हें पक्ष्यांचें अभयारण्य आहे. सायकल हें मुकें वाहन असल्यामुळें पक्षी तिला मोटारीइतके बुजत नाहींत.

नाथसागरानें एक वाट बुडविली खरी. पण दुसरी एक दिली आहे, आणि तिच्याकडे आपलें लक्ष गेलेलें नाहीं. धरणाच्या डाव्या अंगानें निघणारा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, उजवा १३२. डावा कालवा पैठण, अंबड, घनसावंगी, पाथरी असा परभणीच्या मुलखांत जातो. मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरमागें जेमतेम वीतभर ठेवतात, कारण पाणी वेगानें धांवलें तर तें कांठ खातें. म्हणून कालवा चढउतार टाळीत, टेकडीस वळसा घालीत जातो. त्याच्या बांधावर देखरेखीसाठीं गाडीवाट ठेवलेली असते. म्हणजे नान्तच्या कालव्यावर घोड्यांसाठीं होती तशीच, पाण्यालगतची सपाट वाट आपल्या दारांत आहे! ती आज अखंड मात्र नाहीं. कोठें बाभळीनें झांकली आहे, कोठें पावसांत खचते, जलसेतूपाशीं तुटते, आणि ती खात्याची असल्यानें परवानगीवांचून तिच्यावर जाऊं नये.

हा प्रश्न केवळ सहलीचा नाहीं. बिडकीनजवळ औद्योगिक वसाहत उभी राहत आहे, आणि पैठण रस्त्यावर मालमोटारींची रांग वाढली आहे. याच रस्त्यानें आसपासच्या वस्त्यांवरचीं मुलें सायकलवर शाळेंत येतात. रस्त्याची रुंदी वाढली म्हणजे वाहनांचा वेग वाढतो, आणि कडेनें जाणाऱ्या मुलाची जागा अरुंदच राहते. कालव्याच्या मुलखांत हें दुखणें निराळें नाहीं. बांधावरची मुरमाची वाट दुरुस्त करून पांच-दहा किलोमीटरांचे तुकडे जरी सायकलींस मोकळे केले, तरी कालव्याकांठच्या खेड्यांतील मुलांस मोटारींपासून दूर असा शाळेचा रस्ता मिळेल. फ्रान्समध्यें तरी दुसरें काय केलें? वाट होतीच, ती दुरुस्त केली, पाट्या लावल्या, आणि मोटारींस मज्जाव केला.

आतां निघणाऱ्यांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडे सायकलस्वाराचा खरा शत्रु चढ नव्हे, कांटा होय. बाभळीचा कांटा आणि सराटा ट्यूबमध्यें असा शिरतो कीं, हवा घरीं पोंचल्यावर जाते. दोन जादा ट्यूबा, ठिगळें, सोल्यूशन, पाना आणि पंप इतकें बरोबर हवेंच. पावसाळ्यांत कच्च्या वाटेस जाऊं नये. काळा चिखल मडगार्डांत बसला म्हणजे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. परंतु तेव्हांच उसाचा हंगाम चालूं असतो. नेवासें-शेवगांव भागांत ट्रॅक्टरामागें उसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या चालतात, त्यांच्या मागें अथवा शेजारीं राहूं नये. फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास पैठणास नाथषष्ठीसाठीं दिंड्या लोटतात. त्या दिवसांत सायकल हातीं धरून चालणेंच बरें.

पुराचे दिवस मात्र सर्वस्वी टाळावे. ऑगस्ट २००६ मध्यें धरणांतून सेकंदास सुमारें अडीच लाख घनफूट पाणी सोडावें लागलें, तेव्हां पैठण गांवांत पाणी शिरलें होतें. दरवाजे उघडल्यावर खालचे घाट आणि सखल पूल पाहतां पाहतां बुडतात. नाथसागर भरत आला असेल, तर पैठणास पोंचल्यावर आधीं विसर्गाची चौकशी करावी, मगच आपेगांवची वाट धरावी.

ज्यांस पुढें जावयाचें असेल त्यांनीं गांवरस्त्यांनीं पूर्वेस शहागडचा पूल गांठावा आणि तेथून अंबड, पाथरी करीत परभणीस जावें. उतरती दिशा असली तरी हिवाळ्यांत वारा बहुधा समोरून लागतो, म्हणून पहाटे निघून दहापर्यंत दिवसाचा मोठा टप्पा उरकावा. परभणीहून परत येण्यास आगगाडी आहे. स्टेशनांत सायकल सामानाच्या डब्यासाठीं नोंदवितां येते. फक्त हँडलास आपलें नांव आणि उतरण्याचें स्टेशन लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावी.