आंतरराष्ट्रीय एकस्व-अर्जाची भाषा : मराठीच्या स्थानाचा विचार

एखाद्या संशोधकाने आपल्या शोधाचे वर्णन मराठीत लिहून आंतरराष्ट्रीय एकस्वासाठी, म्हणजेच पेटंटसाठी, सादर केले, तर त्या लेखाला कायद्याच्या दृष्टीने काय मोल राहते? असा अर्ज फेटाळला जाईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नियमांचा आधार घेतला असता ती खरी ठरत नाही.

पेटंट सहकार्य करार १९ जून १९७० रोजी वॉशिंग्टन येथे झाला. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून त्यात सहभागी आहे. या करारान्वये एकाच अर्जाच्या आधारे अनेक देशांत हक्क मागता येतो. अर्ज ज्या कचेरीत दाखल होतो तिला स्वीकार-कार्यालय म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील अर्जदाराला मुंबईचे एकस्व कार्यालय किंवा थेट जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय ब्यूरो, असे दोन मार्ग मोकळे असतात. दुसऱ्या मार्गासाठी मात्र १९७० च्या भारतीय अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे पूर्वपरवानगी घ्यावी लागते, अथवा भारतात आधी अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते.

समजा, खामगावच्या एका कारागिराने सरकी काढण्याच्या यंत्रात सुधारणा केली आणि तिचे वर्णन व दावे मराठीत लिहून आंतरराष्ट्रीय अर्ज म्हणून मुंबईस दिले. भारतीय स्वीकार-कार्यालयास इंग्रजी व हिंदी या दोनच भाषा मान्य आहेत. तथापि कराराच्या नियम १९.४ प्रमाणे असा अर्ज ब्यूरोच्या वतीने स्वीकारल्याचे मानून, राष्ट्रीय सुरक्षेची आडकाठी नसल्यास, जिनीव्हास पाठविला जातो. स्वीकार-कार्यालय या नात्याने ब्यूरोस कोणतीही भाषा चालते. अर्जातील इतर आवश्यक बाबी पुऱ्या असतील, तर मुंबईस अर्ज पोहोचल्याची तारीखच दाखल-तारीख ठरते. शोधाचे नावीन्य व अग्रहक्क यांचा निर्णय तारखेवर होत असल्याने हा लाभ लहान नव्हे.

येथून पुढे मात्र मराठीचा मार्ग अडतो. प्रकाशनाच्या भाषा दहा आहेत : अरबी, इंग्रजी, कोरियन, चिनी, जपानी, जर्मन, पोर्तुगीज, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. त्यांत हिंदीही नाही. शोध-प्राधिकरणास मान्य असलेल्या भाषेतील भाषांतर अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात द्यावे लागते. सूचना मिळूनही ते न दिल्यास अर्ज मागे घेतल्याचे समजले जाते.

भाषांतर झाले म्हणजे मूळ संहितेचे काम संपले, असे मात्र नाही. कराराच्या अनुच्छेद ४६ नुसार, चुकीच्या भाषांतरामुळे एकस्वाची व्याप्ती मूळ भाषेतील अर्जापेक्षा वाढली असेल, तर संबंधित देशातील अधिकारी ती पूर्वलक्षी प्रभावाने मर्यादित करू शकतात आणि तेवढा वाढीव भाग रद्द ठरवू शकतात. ताडून पाहण्याची कसोटी म्हणजे मूळ मराठी वाक्य.

‘तीन दातेरी चाके असलेले यंत्र’ आणि ‘तीनच दातेरी चाके असलेले यंत्र’ या दोन दाव्यांत फरक आहे तो ‘च’ या एका अव्ययाचा. पहिल्या दाव्यात चार चाकांचे यंत्रही बसू शकते. दुसऱ्यात बसत नाही. भाषांतरात हा ‘च’ गळला, तर मिळालेली व्याप्ती पुढे काढून घेतली जाऊ शकते. उलट, मुळात नसलेला ‘च’ भाषांतरात शिरला, तर दावा अकारण आक्रसतो आणि अशा आकुंचनावर अनुच्छेद ४६ मध्ये उपाय सांगितलेला नाही.

तात्पर्य, मराठी संहिता तारीख मिळवून देऊ शकते आणि व्याप्तीची साक्षही ठरू शकते. तिच्यावर शोध किंवा प्रकाशन मात्र होऊ शकत नाही. साक्षीची ही जबाबदारी पेलायची, तर आपल्या शास्त्रीय गद्यात अवधारण, समावेश व वगळणूक दाखविणारे शब्द नेमक्या अर्थाने वापरण्याची शिस्त हवी. परिभाषा घडविताना आपण नामांची चिंता पुष्कळ केली. अव्ययांकडेही तितकेच लक्ष दिले पाहिजे.