१३ ऑगस्टला बालकवी, अत्रे अन् अहिल्यादेवी. एकाच तारखेला इतकं सगळं येतं कसं?

धरणगाव : सकाळी मोबाईल उघडला की 'आजचा दिनविशेष' येऊन पडलेला असतो. अमुक साली याचा जन्म, तमुक साली त्याचा मृत्यू. वाचणाऱ्याला नवल वाटतं, की एकाच तारखेला एवढ्या मोठमोठ्या गोष्टी कशा घडल्या? त्या तारखेतच काही विशेष असेल का?

धरणगावकरांच्या जवळची तारीख घेऊ, १३ ऑगस्ट. १८९० साली याच दिवशी धरणगावात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म झाला. 'औदुंबर', 'फुलराणी' लिहिणारे आपले बालकवी. १९०७ साली जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कीर्तिकर. त्यांनीच या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी दिली.

आचार्य प्र. के. अत्रे यांचा जन्मही १३ ऑगस्टचा, साल १८९८. म्हणजे बालकवींपेक्षा बरोबर आठ वर्षांनी लहान. एक निसर्गात रमणारा, दुसरा 'झेंडूची फुले' लिहून कवींची टर उडवणारा. स्वभावाने दोन टोकं, पण वाढदिवस एकच. आणि १७९५ साली याच तारखेला महेश्वरला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं निधन झालं. परदेशात डोकावलं तर १९६१ साली बर्लिन शहराच्या मधोमध भिंत घालायला सुरुवात झाली, तीही १३ ऑगस्टलाच.

योगायोग म्हणजे साधा हिशोब

यात गूढ काही नाही. वर्षाचे दिवस ३६५, लीप वर्ष धरलं तर ३६६. इतिहासातली नावं अन् घटना मात्र हजारोंनी. कुणी ३,६६० घटनांची यादी केली, तर सरासरी दर तारखेच्या वाट्याला दहा घटना येणारच. वर्गातल्या पोरांवर हा हिशोब करून बघता येतो. वर्गात नुसती २३ मुलं असली, तरी त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ४० मुलं असतील तर ती ८९ टक्क्यांवर जाते. ऐकून पटत नाही, पण गणित तेच सांगतं.

बालकवी गेले ५ मे १९१८ रोजी, जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून. वय अवघं २७. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, ५ मे १८१८ ला, जर्मनीत कार्ल मार्क्स जन्मला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तारीख जुळली म्हणून अर्थ जुळतोच असं नाही.

काही तारखा मात्र ठरवून

सगळंच योगायोगाचं नसतं. २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. म्हणून पुढे घटना अमलात आणायला १९५० सालची २६ जानेवारीच मुद्दाम निवडली. महाराष्ट्र राज्याची स्थापनाही कामगार दिनीच झाली, १ मे १९६० ला.

आपल्या जिल्ह्यातलंही एक उदाहरण आहे. काँग्रेसची पहिली बैठक मुंबईत सुरू झाली ती २८ डिसेंबर १८८५ ला. फैजपूरला खेड्यातलं पहिलं अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलं, ते १९३६ च्या डिसेंबरातल्या २७ आणि २८ तारखेला. हे जुळण्यामागे कारण आहे. सुरुवातीच्या काळात काँग्रेसमध्ये वकील मंडळी पुष्कळ. नाताळात कोर्टं बंद, मंडळी मोकळी. त्यामुळे वर्षानुवर्षं अधिवेशनं डिसेंबरअखेरीस भरायची आणि तीच वहिवाट पडली. मात्र धीरूभाई अंबानी (१९३२) आणि रतन टाटा (१९३७) हे दोन उद्योगपती २८ डिसेंबरलाच जन्मले, तो निव्वळ योगायोग. म्हणजे एकाच तारखेत दोन्ही प्रकार सापडतात.

तिथी वेगळी, तारीख वेगळी

अहिल्यादेवी गेल्या तेव्हा तिथी होती श्रावण वद्य चतुर्दशी. म्हणजे पोळ्याचा आदला दिवस, बैलांची खांदमळणी असते तो. १३ ऑगस्ट दरवर्षी येतो, पण दरवर्षी तो पोळ्याच्या तोंडावर नसतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरसाल अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे येते. साधारण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात. १७९५ मध्ये पाच वेळा १९ मिळवले की येतं १८९०, बालकवींचं जन्मसाल. त्या १३ ऑगस्टलाही अमावास्या दोन-तीन दिवसांवरच होती. म्हणून कुणाची पुण्यतिथी दोन वेगवेगळ्या दिवशी साजरी होताना दिसली, तर लगेच एकाला चूक ठरवू नये. एक जण पंचांग बघतो, दुसरा कॅलेंडर.

निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून

खेड्यापाड्यात सगळ्यात जास्त माणसांची सामायिक तारीख कुठली असेल, तर ती १ जून. पूर्वी पोरगं शाळेत घालायला बाप जायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? उत्तर यायचं, 'कापूस येचनीना टाइमले व्हयना', नाहीतर 'मोठा पूर आला त्या साली'. गुरुजी काय करणार? जूनमध्ये शाळा सुरू, वय सहा पूर्ण दिसायला हवं, मग जनरल रजिस्टरला १ जून टाकून द्यायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, मग नोकरीत, मग आधार कार्डावर चढली.

सरकारी नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे आला की शाळा-कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. हा ना योगायोग, ना कुणी साधलेला मुहूर्त. खरी तारीख लिहिलेली नव्हती, एवढंच.

लिहिलं तेच राहिलं

धरणगावच्या जुन्या इतिहासाचंही तसंच. १६७४ साली इथे इंग्रजांची वखार होती. १६७५ ला शिवाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटलं. १८२५ साली आउटरामने खानदेश भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावात. या घटना सालावरच सांगितल्या जातात, म्हणून दिनविशेषाच्या यादीत त्यांना जागाच नाही. यादीत नाव नसलं म्हणजे घटना लहान असं नव्हे.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात काम करताना गायच्या आणि मुलगा सोपानदेव व नातलग ते कागदावर उतरवून ठेवायचे. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी 'बहिणाबाईची गाणी' छापून आली, प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. कागदावर उतरलं नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

म्हणून दिनविशेष पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. जन्म की मृत्यू? साल कोणतं? आणि तारीख की तिथी? अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्टचा आणि मृत्यू १३ जूनचा (१९६९), तिथे हमखास गल्लत होते. बालकवींची जयंती स्वातंत्र्यदिनाच्या दोन दिवस आधी येते. झेंडावंदनाच्या तयारीत शाळेने परिपाठाला त्यांची एक कविता म्हणवून घेतली, तरी धरणगावच्या पोरांना आपला कवी कळेल.

आणि घरात बाळ जन्मलं तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून घ्यावी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, चकरा वाढतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, पासपोर्ट अशा कामांना जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून धरला जातो. आता १ जून टाकून भागत नाही.