बंदरावरची शेड ‘तात्पुरती’ आहे, म्हणून परवानगी नको?

मे महिना संपत आला की कोकणातल्या प्रत्येक मासेमारी बंदरावर जागेची ओढाताण सुरू होते. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारायच्या, इंजिने उतरवायची, जाळी धुऊन-सुकवून कोरड्या जागी रचायची. जाळी, दोर, बोये, बर्फाच्या पेट्या, डिझेलचे बॅरल हा सगळा पसारा घरात मावत नाही. मग धक्क्याजवळ चार अँगल उभे राहतात, वर पत्रे चढतात, बाजूंना ताडपत्री बांधली जाते. ‘दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे’ म्हणून उभी राहिलेली शेड गणपती उलटले तरी हलत नाही. पुढच्या वर्षी तिच्यात कोबा पडतो, त्यापुढच्या वर्षी शटर बसते.

अशा शेडबद्दल बंदरावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, तात्पुरत्या कामाला कोण विचारतो? दुसरा म्हणतो, समुद्राकाठी सरकार वीटही ठेवू देत नाही. दोन्ही चूक आहेत. कायदा शेड कशाची आहे हे फारसे पाहत नाही. ती कुठे आहे, कशासाठी आहे आणि किती दिवसांसाठी आहे, हे तीन प्रश्न तो विचारतो.

गैरसमज : तात्पुरत्या बांधकामाला परवानगी लागत नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या मोठी आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा वर केलेले बांधकाम त्यात येतेच; शिवाय जमिनीच्या वापरात केलेला ठळक बदलही येतो. नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत असा विकास करण्यापूर्वी कलम ४३ प्रमाणे परवानगी घ्यावी लागते. प्राधिकरणाच्या हद्दीबाहेर, पण प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, कलम १८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते.

कलम ४३ मध्ये काही सवलती आहेत. एरवी एका कामासाठी वापरली जाणारी जमीन प्रसंगोपात दुसऱ्या कामासाठी वापरली, तर त्याला परवानगी लागत नाही. लिलावाच्या मोकळ्या जागेत चार दिवस जाळी पसरली, तर कोणी नोटीस काढणार नाही. मात्र त्याच जागेवर खांब रोवून पत्रे टाकले आणि हंगामभर गोदाम चालवले, तर तो ‘प्रसंग’ राहत नाही.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. परवानगीशिवाय केलेल्या तात्पुरत्या कामासाठी याच कायद्यात वेगळे कलम ५५ आहे. प्राधिकरणाने लेखी आदेश दिला की १५ दिवसांत शेड काढावी लागते. न काढल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांमार्फत ती सरळ हटवता येते. काम तात्पुरते आहे की नाही, याबाबत प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. म्हणजे ‘साहेब, तात्पुरतीच आहे’ या उत्तराने संरक्षण मिळत नाही. शेड लवकर निघायची सोय मात्र होते.

गैरसमज : पाया नाही, नुसता कंटेनर आणून ठेवला आहे, त्याला बांधकाम म्हणता येणार नाही.

वस्तुस्थिती : इमारत कशाची आहे यावर तिची व्याख्या ठरत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कोणत्याही साहित्याची, कोणत्याही कामासाठी उभारलेली रचना ही इमारतच. माणसे राहत असोत वा नसोत. समारंभापुरते उभारलेले तंबू, शामियाने आणि ताडपत्रीचे आडोसे तेवढे वगळले आहेत. जाळ्यांचे गोदाम हा काही समारंभ नव्हे. क्रेनने उचलता येणारा कंटेनर महिनोन्‌महिने एका जागी राहिला, त्याला कुलूप आणि दिवा लागला, की जमिनीचा वापर बदलला असे म्हणायला अधिकाऱ्याला जागा मिळते.

गैरसमज : बंदराच्या हद्दीत पालिकेचा कायदा चालत नाही.

वस्तुस्थिती : हद्द कोणाची, हे प्रत्येक बंदराचे वेगळे आहे. राज्यातली लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. हे मंडळ १९९६ च्या कायद्याने अस्तित्वात आले. मासेमारी बंदरांच्या बऱ्याच जागा मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहेत. मुंबई बंदराच्या जमिनीसाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये बंदर प्रशासनालाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, आणि न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदरही आपल्या क्षेत्रापुरते तेच काम करते. तिथे अर्ज पालिकेकडे जात नाही हे खरे. पण अर्जच लागत नाही, असा त्याचा अर्थ नाही. फक्त टेबल बदलते.

सरकारी खात्याला स्वतःचे काम करायचे असेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे प्राधिकरणाला आधी लेखी कळवण्याची वेगळी पद्धत आहे. खात्याकडून जागा भाड्याने घेतलेल्या ठेकेदाराने किंवा संस्थेने ती सवलत आपलीही आहे असे धरून चालू नये. जागेच्या मालकाची ना-हरकत आणि बांधकामाची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत.

गैरसमज : सीआरझेडमध्ये काहीच उभारता येत नाही.

वस्तुस्थिती : मच्छीमारांचे सर्वांत जास्त नुकसान या समजाने केले आहे, कारण त्यामुळे हक्काच्या गोष्टींसाठीही अर्ज केला जात नाही. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९९१ ची. मग २०११ ची आली आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची आहे. ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये, भरतीरेषेपासून ‘ना विकास क्षेत्र’ असते. दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक असतील तिथे, ते ५० मीटर. बाकी ठिकाणी २०० मीटर.

या ना विकास क्षेत्रातही स्थानिक मच्छीमारांच्या गरजेच्या सोयींना अधिसूचनेने नावानिशी मुभा दिली आहे : मासळी सुकवण्याची जागा, लिलावगृह, जाळी दुरुस्तीची जागा, पारंपरिक होड्या बांधण्याची जागा, बर्फ कारखाना, बर्फ फोडण्याचे युनिट, मासळी खारवण्याची सोय. अधिसूचित बंदराच्या हद्दीत तर ना विकास क्षेत्राची अटच लागू होत नाही. तिथे खाद्यतेल, खत, धान्य अशा बिनधोक मालाच्या साठवणीलाही वाट आहे. अर्थात मुभा आहे म्हणजे मंजुरी मिळाली असे नव्हे. सीआरझेड-२ आणि ३ मधली प्रकरणे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले काम असेल, तर काही अपवाद सोडता, ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयापर्यंत जाते. म्हणूनच शेड दहा पावले वर सरकवली तर वर्षभराची धावपळ वाचू शकते.

कांदळवनाजवळ मात्र घासाघीस नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आहे.

गैरसमज : इथे भरतीचे पाणी येत नाही, म्हणजे ही जागा सीआरझेडच्या बाहेर.

वस्तुस्थिती : भांगाच्या दिवसांत पाणी कुठवर येते, यावर भरतीरेषा ठरत नाही. उधाणाला पाणी जमिनीवर जिथवर पोचते ती भरतीरेषा, आणि तीही डोळ्यांनी नव्हे तर नकाशावर पाहायची. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ती चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली धरतात. समुद्राच्या बाजूला तिथून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड असते. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. गावपातळीवरचे नकाशे १:४,००० प्रमाणातले असतात. त्यावर आपला सर्व्हे नंबर शोधला की निम्मे वाद तिथेच मिटतात.

गैरसमज : घरपट्टी भरतो, वीजमीटर आहे, म्हणजे शेड कायदेशीर.

वस्तुस्थिती : कर ताब्यावर आणि वापरावर लागतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर दुप्पट कराइतका दंड आहे, आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही असे तिथेच स्पष्ट म्हटले आहे. ‘इतकी वर्षे कोणी काही बोलले नाही’ हाही आधार कच्चा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरची जुनी अनधिकृत बांधकामे मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ मध्ये जेसीबी लावून पाडली.

सीआरझेडचा भंग असेल तर पर्यावरण संरक्षण अधिनियमही लागू होतो. त्यातली शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून बदलली : आधी कैद होती, आता १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड.

गैरसमज : ६० दिवसांत उत्तर आले नाही, की परवानगी मिळालीच.

वस्तुस्थिती : अर्धे खरे. कलम ४५ मध्ये ६० दिवसांनंतर मानीव परवानगीची तरतूद आहे. पण काम नियमावलीत बसत असेल तरच. न बसणारे काम अनधिकृतच ठरते. शिवाय ही मुदत नगररचनेच्या कायद्याची आहे. तिने सीआरझेडची मंजुरी आपोआप मिळत नाही.

गैरसमज : आत काय ठेवतो, तो आमचा प्रश्न.

वस्तुस्थिती : जाळ्यांपुरते ठीक, डिझेलचे तसे नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेलसारख्या ‘ब’ वर्गातल्या इंधनाचा साठा एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तरच परवाना लागत नाही. २०० लिटरचे बारा बॅरल या मर्यादेत बसतात, तेरावा बसत नाही. ही मर्यादा ठिकाणाला आहे. त्यामुळे चार नौकामालकांनी एकाच शेडमध्ये बॅरल रचले, तर मोजणी एकत्र होते.

मग करायचे काय?

जून ते सप्टेंबर अशी नेमकी मुदत लिहून अर्ज करावा. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत तात्पुरत्या बांधकामाला एका वेळी जास्तीत जास्त ६ महिने परवानगी देता येते आणि एकूण मुदतीलाही मर्यादा आहे. पावसापासून बचावासाठीच्या हंगामी शेडचा त्यात वेगळा उल्लेखही आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे, हे तिथल्यांनी ध्यानात ठेवावे. एकेकट्याने चार पत्र्यांसाठी खेटे घालण्यापेक्षा मच्छीमार सहकारी संस्थेने एका सामाईक शेडचा अर्ज करावा : सोबत जागामालकाची ना-हरकत, सीआरझेड नकाशावरचे स्थान, शेडचे मोजमाप आणि ती काढण्याची तारीख. ६० दिवसांचे गणित धरले तर जूनची शेड मार्चमध्येच कागदावर यायला हवी. आणि दरवर्षी तीच शेड त्याच जागी लागत असेल, तर तात्पुरत्याचा हट्ट सोडून कायमच्या जाळी-दुरुस्ती शेडची मागणी करावी. अधिसूचनेने ती मुभा मच्छीमारांना आधीच दिलेली आहे.