सिंगापूरमधील हॉकर सेंटर आणि नूडल्स-सूपची खाद्यसंस्कृती : एक अभ्यास

बीजसंज्ञा : हॉकर सेंटर, फेरीवाला, नूडल्स, रस्सा, सहभोजन, उपजीविका, सार्वजनिक आरोग्य.

प्रस्तावना :

मानवाच्या मूलभूत गरजांमध्ये अन्नाचे स्थान पहिले आहे. परंतु कोणते अन्न, कोणाच्या हातचे आणि कोणाच्या पंक्तीस बसून खावे, याचे नियम प्रत्येक समाजाने आपापल्या परीने घडविले आहेत. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहभोजन ही समाजसुधारणेची चळवळ व्हावी लागली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. या पार्श्वभूमीवर रस्त्यावरील स्वस्त खाद्यपदार्थांची दुकाने ही केवळ पोट भरण्याची ठिकाणे ठरत नाहीत. अनोळखी माणसे तेथे एका मेजावर बसतात, श्रीमंत व गरीब एकाच भांड्यातील रस्सा खातात आणि अल्प भांडवलाचा मनुष्य तेथे स्वतःचा संसार उभा करतो. त्याच वेळी अस्वच्छता, अतिक्रमण व वाहतुकीस अडथळा यांमुळे हीच दुकाने नगरप्रशासनाच्या डोळ्यांत सलतात.

उपजीविका व स्वच्छता यांतील या संघर्षाचे उत्तर सिंगापूरने 'हॉकर सेंटर' या व्यवस्थेतून शोधले. प्रस्तुत लेखात तेथील नूडल्स व सूप या पदार्थांच्या आधारे सदर व्यवस्थेचा परिचय करून देण्याचा व महाराष्ट्रातील फेरीवाल्यांच्या प्रश्नासंदर्भात तिचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. नूडल्स-सूप हा पदार्थ रस्त्यावरील विक्रीस अनुकूल का ठरला, याची कारणे पाहणे.
२. सिंगापूरमधील विविध समाजांचे प्रतिबिंब या पदार्थांत कसे पडले आहे, ते स्पष्ट करणे.
३. हॉकर सेंटर व्यवस्थेचा विकास व तिच्यासमोरील आजचे प्रश्न समजून घेणे.
४. भारतातील फेरीवाला कायद्याच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ लावणे.

नूडल्स-सूप आणि रस्त्यावरील विक्री :

१८१९ मध्ये ब्रिटिशांनी सिंगापूर येथे व्यापारी ठाणे वसविले. त्यानंतर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॉक्किन, तिओच्यू, कॅन्टोनीज, हाक्का, हायनानी इत्यादी भाषिक समूह, मलाय द्वीपसमूहातील लोक आणि भारतातील, विशेषतः तमिळ भाषक, मजूर व व्यापारी तेथे येत गेले. गोदीवर काम करणाऱ्या एकट्या पुरुषांना स्वस्त, गरम व झटपट मिळणारे अन्न हवे होते. ते पुरविण्यासाठी फेरीवाले पुढे आले. आपल्याकडील कावडीप्रमाणे खांद्यावर आडवी काठी घेऊन तिच्या एका टोकास चूल व भांडे आणि दुसऱ्या टोकास वाडगे व जिन्नस, असे त्यांचे फिरते स्वयंपाकघर असे. बांबूचे तुकडे एकमेकांवर आपटून 'टोक टोक' असा आवाज करीत नूडल्सवाला गल्लीत शिरत असे. त्यावरून त्याच्या नूडल्सना 'टोक टोक मी' हे नाव पडले. हॉक्किन बोलीत गव्हाच्या नूडल्सना 'मी' म्हणतात.

या विक्रीस नूडल्स-सूप अनुकूल ठरण्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. पहिले कारण वेळेचे होय. रस्सा आधीच तासन्‌तास उकळून तयार असतो. गिऱ्हाईक आल्यावर नूडल्स तारेच्या गाळणीत घालून उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवायच्या, वाडग्यात काढायच्या व त्यावर रस्सा ओतायचा, एवढेच काम उरते. दुसरे कारण इंधनाचे आहे. एकाच चुलीवर दिवसभराची विक्री होऊ शकते. तिसरे कारण काटकसरीचे आहे. हाडे, कोळंबीची डोकी व टरफले यांसारखा एरव्ही टाकून दिला जाणारा भाग येथे चवीचा मुख्य आधार ठरतो. मंद आचेवर हाडांतील कोलॅजनचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते व रश्शास दाटपणा येतो.

गव्हाच्या पिवळ्या नूडल्सचा रंगही समजून घेण्यासारखा आहे. अनेक वाचकांना तो अंड्याचा वा कृत्रिम रंगाचा वाटतो. पारंपरिक पद्धतीत मात्र पिठात सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट यांसारखे क्षार मिसळतात. क्षारामुळे पिठातील फ्लेव्होनॉइड द्रव्ये पिवळी होतात आणि ग्लूटेन घट्ट होऊन नूडल्सना चिवटपणा येतो. त्यामुळे त्या गरम रश्शात लवकर विरघळत नाहीत. पापडाच्या पिठात पापडखार घालण्याची आपल्याकडील रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

एका शहरातील अनेक वाडगे :

सिंगापूरच्या नूडल्समध्ये तेथील समाजरचना वाचता येते. तिओच्यू समाजाचे मासळीच्या गोळ्यांचे नूडल्स 'सुके' किंवा 'सूपचे' अशा दोन प्रकारे मिळतात. सुक्या प्रकारात नूडल्स मिरचीच्या वाटणात घोळून देतात व सूप वेगळ्या वाटीत येते. 'बाक चोर मी' या पदार्थात डुकराच्या मांसाचा खिमा, मशरूम व काळे व्हिनेगर असते. हॉक्किन पद्धतीच्या 'हे मी'चा रस्सा कोळंबीच्या डोक्यांचा व हाडांचा असतो.

लाक्सा हा पदार्थ चिनी व मलाय संस्कृतींच्या संगमातून निर्माण झालेल्या पेरानाकन समाजाशी जोडला जातो. त्यातील रस्सा नारळाच्या दुधाचा असून वाटणात मिरची, हळद, कोळिंजन, गवती चहा व सोडे असतात. कोकणातील वाचकास ही यादी फारशी परकी वाटणार नाही. काटोंग भागातील लाक्साच्या नूडल्स आखूड कापलेल्या असतात. त्यामुळे तो केवळ चमच्याने खाता येतो.

मलाय गाळ्यावर मिळणारे 'मी सोतो' हे हळदीच्या रंगाचे कोंबडीचे सूप मुळात इंडोनेशियाकडचे आहे. भारतीय मुस्लिम विक्रेत्यांच्या 'सूप कांबिंग' या मटणाच्या सुपात धने, जिरे, बडीशेप, मिरी, चक्रीफूल असे ओळखीचे मसाले असून ते पावाबरोबर खातात. याच विक्रेत्यांनी चिनी नूडल्स भारतीय चवीने परतून 'मी गोरेंग'चा आपला स्वतंत्र प्रकार रूढ केला. परकीय पदार्थ स्वीकारताना तो आपलासा करण्याची ही प्रक्रिया महाराष्ट्रातही दिसते. चौकाचौकांतील 'चायनीज'च्या गाडीवरील मंचुरियन, मंचाव सूप व चायनीज भेळ हे पदार्थ चीनमधून जसेच्या तसे आलेले नसून ते भारतातच घडले आहेत.

आहारविषयक निर्बंध पाळणाऱ्यांनाही या व्यवस्थेत जागा आहे. हलाल पदार्थांचे गाळे ओळखता येतात आणि रिकामी ताटे परत ठेवण्याच्या जागाही हलाल व इतर अशा वेगळ्या असतात. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी गाळ्यांवर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या मराठी कुटुंबास हे साम्य जवळचे वाटेल. अशा रीतीने प्रत्येकाचे अन्न वेगळे, तरी मेज एकच, हे या सहभोजनाचे वैशिष्ट्य होय. येथे कोणासही आपला निर्बंध मोडावा लागत नाही आणि त्यासाठी वेगळी पंगतही मांडावी लागत नाही.

हॉकर सेंटर व्यवस्थेचा विकास :

रस्त्यावरील फेरीवाल्यांचे चित्र नेहमीच रम्य नव्हते. गाडीपाशी नळाचे पाणी नसल्यामुळे वाडगे त्याच त्या बादलीत विसळले जात. खरकटे गटारात व तेथून नदीत जाई. रस्सा उकळता असला तरी तो ज्या वाडग्यात ओतला जाई, तो स्वच्छ असेलच असे नव्हते. रोगप्रसाराची भीती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, युद्धोत्तर काळात बेरोजगारी मोठी होती व फेरीचा धंदा हाच अनेकांचा आधार होता. वसाहतकालीन सरकारने नेमलेल्या फेरीवाला चौकशी आयोगाचा अहवाल १९५० मध्ये आला. तथापि प्रश्न सुटला नाही.

१९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाल्यानंतर १९६८-६९ मध्ये संपूर्ण बेटावरील फेरीवाल्यांची नोंदणी करण्यात आली. रस्त्यावरील सुमारे १८,००० विक्रेत्यांना तात्पुरते परवाने मिळाले. १९७१ पासून पाणी, वीज, सांडपाण्याची सोय व बसण्याची जागा असलेली केंद्रे बांधून त्यांचे टप्प्याटप्प्याने पुनर्वसन सुरू झाले व १९८६ मध्ये ते पूर्ण झाले. या काळातच, १९७७ ते १९८७ दरम्यान, सिंगापूर नदीच्या शुद्धीकरणाची मोहीम झाली. त्या परिसरातील सुमारे ५,००० फेरीवाले याच मोहिमेत हलविले गेले. १९९७ मध्ये गाळ्यांना स्वच्छतेनुसार 'ए' ते 'डी' श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोजणी, मग परवाना, मग पर्यायी जागा आणि त्यानंतर रस्ता मोकळा करणे, असा तो क्रम होता. पुनर्वसित विक्रेत्यांना भाड्यात सवलतही देण्यात आली. अर्थात हे सर्व खुशीने घडले असे मानणे योग्य ठरणार नाही. जुनी जागा व जुने गिऱ्हाईक सोडण्यास अनेकांचा विरोध होता आणि शासनाने कठोरपणे कारवाईही केली. मात्र कारवाई झालेल्या माणसास जाण्यासाठी जागा होती, हा फरक निर्णायक ठरला.

प्रतिष्ठा आणि चिंता :

२०१६ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेच्या पहिल्या सिंगापूर आवृत्तीत दोन हॉकर गाळ्यांना प्रत्येकी एक तारा मिळाला. त्यांपैकी हिल स्ट्रीट ताई ह्वा हा बाक चोर मीचा गाळा होता. १६ डिसेंबर २०२० रोजी सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झाला. त्या यादीतील सिंगापूरची ही पहिलीच नोंद होय. ज्या धंद्यास एकेकाळी उपद्रव मानले गेले, तोच राष्ट्रीय ओळखीचा भाग बनला.

परंतु सन्मान मिळाल्याने धंदा टिकतोच असे नाही. हॉकरांच्या वयाचा मध्यांक साठीच्या घरात पोहोचला आहे. पहाटे रस्सा चढवायचा, दिवसभर उष्णतेत उभे राहायचे व गिऱ्हाइकाने मात्र वाडग्याची किंमत चार-पाच डॉलरपुढे जाऊ नये अशी अपेक्षा ठेवायची, या परिस्थितीत शिकलेली मुले गाळ्यावर येण्यास तयार नसतात. उपाहारगृहातील महागड्या नूडल्सला हरकत न घेणारा ग्राहक हॉकरने किंमत अल्पशी वाढविली तरी नाराज होतो. याचा अर्थ ग्राहक पदार्थाचे कौतुक करतो. श्रमाचे मोल मात्र तो त्याच मापाने देत नाही.

भाड्याचा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. जुन्या पुनर्वसित विक्रेत्यांची सवलत नव्यांना नाही. त्यांना निविदा भरावी लागते. २०१२ मध्ये किमान राखीव भाड्याची अट काढण्यात आली व पोटभाड्यास बंदी आली. तरीही २०२४ मध्ये एका गाळ्यासाठी दरमहा १०,००० सिंगापूर डॉलरहून अधिक बोली लागल्याचे वृत्त गाजले. नवीन केंद्रे बांधण्याचे काम १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर थांबले होते. ते पुन्हा सुरू करण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. यांतील काही केंद्रे सामाजिक उपक्रमांकडे सोपविण्यात आली. तेथील विविध शुल्कांच्या ओझ्यावरून २०१८ मध्ये मोठा वाद झाला. स्वस्त वाडग्याचा भार नेमका कोणी उचलावा – शासनाने, ग्राहकाने की विक्रेत्याने – हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात १९८५ मध्ये मुंबईतील फेरीवाल्यांच्या संघटनेने दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्रे निश्चित करण्याविषयी निर्देश दिले. १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर व्यवसाय करणे हे वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) अन्वये संरक्षित असल्याचे मान्य झाले. २००४ व २००९ च्या राष्ट्रीय धोरणांनंतर २०१४ मध्ये पथविक्रेता अधिनियम अस्तित्वात आला. या कायद्यानुसार प्रथम सर्वेक्षण व्हावे व विक्री प्रमाणपत्रे दिली जावीत आणि हे होईपर्यंत कोणासही हटवू नये, अशी तरतूद आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांनी निवडलेले असावेत व त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. विक्रेत्यांच्या संख्येसाठी लोकसंख्येच्या अडीच टक्के ही मर्यादा आहे.

कागदावर हा क्रम सिंगापूरच्या क्रमाशी जुळतो. किंबहुना विक्रेत्याच्या सहभागाबाबत भारतीय कायदा अधिक लोकशाहीवादी आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्या शहरांत सर्वेक्षण रेंगाळते व गाडी उचलण्याची कारवाई आधी होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. अर्थात सिंगापूरचे अनुकरण जसेच्या तसे शक्य नाही. तेथे बहुतांश जमीन शासनाच्या मालकीची आहे, बहुसंख्य नागरिक सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतींत राहतात व शहर हेच राष्ट्र आहे. महाराष्ट्रातील शहरांत जमिनीची मालकी विखुरलेली असून खेड्यांतून येणाऱ्यांचा ओघ सुरूच आहे.

निष्कर्ष :

१. नूडल्स-सूपची लोकप्रियता ही वेळ, इंधन व जिन्नस यांच्या काटकसरीतून निर्माण झाली आहे. चव हा त्या काटकसरीचा परिणाम आहे.
२. वेगवेगळे आहारनियम पाळणारे समाज एका मेजावर बसू शकतात. त्यासाठी समान अन्नापेक्षा समान जागा आवश्यक असते.
३. अस्वच्छतेचे मूळ विक्रेत्याच्या स्वभावात नसून पाणी व सांडपाण्याच्या सोयींच्या अभावात आहे. सोयी मिळताच तोच विक्रेता स्वच्छतेच्या श्रेणीस पात्र ठरला.
४. नोंदणी व पर्यायी जागा यांच्या आधी केलेले निर्मूलन प्रश्न सोडवीत नाही. तो केवळ पुढच्या गल्लीत नेते.
५. वारशाचा दर्जा आणि न्याय्य मोबदला या भिन्न गोष्टी आहेत. मोबदल्याविना वारसा पुढील पिढीकडे जात नाही.

समारोप :

सिंगापूरमधील नूडल्सचा वाडगा स्वस्त आहे, कारण त्याच्या किमतीचा काही भाग शासनाने जागेच्या रूपाने व बराचसा भाग विक्रेत्याने श्रमाच्या रूपाने भरलेला असतो. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरील वडापावच्या अथवा चायनीजच्या गाडीसही हेच विधान लागू पडते. फरक एवढाच की तेथे शासनाचा वाटा बहुधा नसतो. सदर गाडीस नळाचे पाणी, सांडपाण्याची सोय व हक्काची जागा मिळाल्यास काय घडू शकते, हे सिंगापूरच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवाने दाखविले आहे. एवढ्या सोयींनंतरही पुढची पिढी गाळ्यावर का येत नाही, हेही त्याच अनुभवाने दाखविले आहे. नगरनियोजन, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व आहारशास्त्र या विद्याशाखांच्या अध्यापकांनी आपापल्या गावातील खाऊगल्लीचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास, कायद्याने अपेक्षिलेल्या पण रखडलेल्या सर्वेक्षणास त्याचा निश्चितच उपयोग होऊ शकेल.