अठरा डबे आणि एक रस्ता

बाजारहाटाला निघताना आपण मनाशी काय काय ठरवतो बघा. आधी गिरणीत दळण टाकायचे, म्हणजे इतर कामे होईपर्यंत पीठ तयार. मग बँक, नाहीतर रांग वाढते. भाजी अगदी शेवटी, नाहीतर ते ओझे गावभर मिरवावे लागते! हे आपल्याला कुणी शिकवले? कुणीच नाही. पण मैत्रिणींनो, याच कोड्यावर जगातल्या नामांकित गणितज्ञांनी वर्षानुवर्षे डोके खाजवले आहे.

माझा या कोड्याशी संबंध आला तो थोरल्या जाऊबाईंमुळे. त्या घरगुती डब्यांचा व्यवसाय करतात. रोज अठरा डबे. पोचवायला स्कूटरवाला एक मुलगा आहे. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. दर महिन्याला पेट्रोलचा आकडा वाढू लागला, तशी मी त्या मुलाचा रस्ता कागदावर काढून पाहिला. तो नदीपलीकडे जायचा, परत अलीकडे यायचा, पुन्हा पलीकडे! मी त्याला चार शब्द सुनावले. तो नुसताच म्हणाला, "काकू, मला सोयीचं पडतं."

"यासाठी आता सॉफ्टवेअर मिळतं," आमचे 'हे' म्हणाले. मोबाइलवर सगळे पत्ते भरायचे, एक बटण दाबायचे, की कुठून कुठे जायचे तो क्रम तयार. आपल्या नेहमीच्या नकाशात थांबे टाकता येतात, पण त्यांचा क्रम आपणच लावायचा असतो. हे सॉफ्टवेअर क्रमच लावून देते.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? आपणही लावू की! पण जरा हिशेब करून पाहा. पाच घरांना जायचे तर क्रम १२० प्रकारे लावता येतो. दहा घरे झाली की तेच प्रकार ३६,२८,८०० होतात. आणि पंधरा घरांचे? १ लाख ३० हजार कोटींहून अधिक! एकेक तपासत बसलो तर डबे बुरसून जातील.

मग यंत्र करते तरी काय? आधी प्रत्येक दोन घरांमधली सर्वांत जवळची वाट काढते. ही वाट काढण्याची एक प्रसिद्ध रीत डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ साली सुचली. गंमत म्हणजे, तेव्हा तो वाग्दत्त वधूबरोबर अॅम्स्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दोघे दमून कॉफी प्यायला टेकले आणि वीसएक मिनिटांत त्याने ती मनातल्या मनात रचली! पुढे १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोलच्या टँकरांनी कोणकोणत्या पंपांना कसे जावे, हा प्रश्न मांडला. आजची सॉफ्टवेअरे त्याच प्रश्नाची वंशज आहेत.

सगळे प्रकार न तपासता यंत्र एक बरासा क्रम धरते आणि तो सुधारत जाते. दोन घरांची अदलाबदल करून बघायची, अंतर घटले तर ठेवायची. रस्त्याची रेघ स्वतःलाच ओलांडून जात असेल तर ती फुली सोडवायची. अगदी लोकरीचा गुंता सोडवावा तसे.

आमचे अंतर एकवीस किलोमीटरवरून पंधरावर आले. मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवले. दोन दिवस मी नुसती मिरवत होते!

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तो जाऊबाई फोन हातात धरून पांढऱ्याफटक उभ्या. नदीपलीकडच्या एका आजोबांचा डबा पाऊण वाजता जायचा, तो पावणेदोन झाले तरी गेला नव्हता. आजोबांना मधुमेह. नेहमीच्या वेळेला त्यांनी इन्सुलिन टोचून घेतले आणि डब्याची वाट पाहत बसले. घाम फुटला, हात थरथरू लागले. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले.

चूक कुणाची? यंत्राची नव्हे. त्यात प्रत्येक पत्त्यापुढे वेळ लिहायची जागा होती. पत्ते मी भरले होते आणि ती जागा मीच रिकामी सोडली होती. यंत्राने मागितले ते दिले, सर्वांत थोडे अंतर. आजोबांचे घर त्यात शेवटून दुसरे आले.

आणि तो मुलगा? तो रोज आधी नदीपलीकडे धावत होता तो आजोबांसाठी. मग अलीकडे शाळेच्या सुटीआधी बाईंचा डबा, आणि पुन्हा पलीकडे. मी ज्याला उधळपट्टी म्हटले, ती त्याची माणुसकी होती. "अरे, मग बोलला का नाहीस?" मी विचारले. "काकू, तुम्ही विचारलं कुठं?" मला मान वर करवेना.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे वही घेऊन बसलो. कुणाला किती वाजता, कुठे जिना चढून तिसरा मजला, कुठे रेल्वे फाटक अडवते, सारे तो सांगत गेला आणि मी भरत गेले. नवा रस्ता आला सतरा किलोमीटरचा. पंधरापेक्षा दोनाने जास्त, पण आजोबांचा डबा पहिला!

तुम्हीही डबे, फराळ किंवा शिवलेले कपडे घरोघरी पोचवत असाल, तर एवढे करा. पत्त्याआधी वेळ लिहा. प्रत्येक दारात किती मिनिटे मोडतात तेही लिहा. समोरची रहदारी ओलांडून उजवीकडे वळावे लागेल अशी वळणे शक्यतो टाळा. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तिथली युपीएस ही कंपनी आपल्या गाड्यांची डावी वळणे टाळते. सॉफ्टवेअर नसेल तर कागदावर घरे मांडून रेघ ओढा आणि फुल्या सोडवा.

आणि बटण दाबण्यापूर्वी, जो रोज त्या रस्त्याने जातो त्याला चहा देऊन समोर बसवा. विचारा, "बाबा रे, तू असा का जातोस?" मी ते शेवटी विचारले. तुम्ही आधी विचारा.